भिंतीकडची जागा

सोमवार, ४ तारीख

आज मालकांनी केबिनमध्ये बोलावून एक छापील कागद पुढे सरकवला. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी शहरातल्या मोठ्या सभागृहात जाहीर परिषद आहे. बायकांना घेऊन मी तिथे जायचं. अर्धा दिवस, पगार न कापता. मला आधी खरंच वाटेना. पाणी प्यायला बाई उठली तरी घड्याळाकडे बघणारे हे तेच मालक.

कागद वाचला आणि माझी मान खाली गेली. बायकांच्या आजाराची परिषद. तो आजार आणि आपल्या भोवतीचं हवा-पाणी, असा विषय. आजाराचं नाव ठळक अक्षरांत होतं, आणि त्या नावातच बाईच्या अंगाचं नाव. ते मी इथे लिहीत नाही. ही वही मी आणि देव सोडून कोणी वाचत नाही, तरी हात धजत नाही.

"अहो मुकादम, लाजता काय?" मालक म्हणाले. "पुण्याचं काम आहे. आपण परिषदेला मदत केली आहे. आपल्या बायका पुढे बसलेल्या दिसल्या पाहिजेत. मोफत तपासणीपण आहे. फक्त एक सांगतो, ऐकायला जायचं, बोलायला नाही. ती जबाबदारी तुमची."

मी हो म्हणालो. हो म्हणायला मला कधी वेळ लागत नाही.

घरी लेकीने कागद मोठ्याने वाचला. मी म्हणालो, "हळू वाच की. शेजारी ऐकतील." ती म्हणाली, "बाबा, शेजारच्या काकूंनाही असतात." बायको भाजी चिरत होती, ती एवढी हसली की विळी बाजूला ठेवावी लागली. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

शुक्रवार, ८ तारीख

परिषदेचं सांगितलं तेव्हा आक्का म्हणाली, "भाऊजी, चहा आहे का तिथं? मग येतो." कारखान्यात माझी बायको सगळ्यांची ताई आहे, म्हणून मी सगळ्यांचा भाऊजी. मुकादमपण त्यात कुठे बुडालं ते देवाला ठाऊक.

आमचा कारखाना बुटांचा. बायकांचं काम म्हणजे सोल्युशन लावणं. बुटाचा तळ आणि वरचा भाग, दोन्हींना ब्रशने ते चिकट पातळ लावायचं, जरा वाळू द्यायचं, मग गरम करून दाबायचं. एकच लांब टेबल, एका बाजूला ओळीने सात जागा. दाराशी आक्का. मग दोघी जावा, ज्या घरचं भांडण कारखान्यात आणतात आणि कारखान्यातलं घरी नेतात. मग माझी बायको. मग जुळ्यांची आई, मग मामी, आणि अगदी भिंतीकडे गाणारी. काम डावीकडून उजवीकडे सरकतं आणि बायका कधी जागा बदलत नाहीत. जेवायला अंगणात बसल्या तरी हीच ओळ. कोणाच्या लग्नाला गेल्या तरी हीच.

आता ती ओळ तशी राहिली नाही. आधी मामी आजारी पडली आणि गावी भावाकडे गेली. मग गाणारी. ती गेल्या वर्षी वारली. मग जुळ्यांची आई, तिचं ऑपरेशन झालं, ती घरी आहे. आजार तिघींना एकच. मोकळ्या जागा बऱ्या दिसेनात, म्हणून मामीच्या आणि जुळ्यांच्या आईच्या जागेवर मी फर्म्यांच्या पेट्या रचून ठेवल्या. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी साचा. गाणारीची जागा मात्र मोकळी ठेवून चालत नाही, कारण सोल्युशनचा मोठा डबा त्या टोकाला असतो आणि वाट्या भरून पुढे द्यायला तिथे कोणीतरी लागतंच. म्हणून नव्याने लागलेल्या पोरीला, तिला सगळ्या 'नवीन' म्हणतात, मी तिथे बसवलं होतं.

गेल्या महिन्यात बघतो तर नवीन माझ्या बायकोच्या जागेवर आणि बायको भिंतीकडे. मला विचारलंही नाही. कारण विचारलं तर म्हणते, "तिथं उजेड चांगला आहे."

उजेड? तिथली खिडकी तर विटा लावून बंद केलेली. बायकोचे डोळे तपासून घेतले पाहिजेत.

रविवार, १० तारीख

आम्ही दोघं जुळ्यांच्या आईला बघायला गेलो. केस गेलेत, डोक्याला रुमाल बांधते. जुळी तिच्या दोन्ही बाजूंना बसून भांडत होती. ती त्यांना ओरडली तेव्हा आवाज आधीसारखाच खणखणीत निघाला. ऐकून मला बरं वाटलं.

ती म्हणाली, "भाऊजी, माझ्या जागेवर कोण बसतं?"

"कोणी नाही. पेट्या ठेवल्यात."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्या बायकोकडे बघून दोनदा म्हणाली, "बरं झालं."

जागा राखून ठेवली म्हणून तिला आनंद झाला. कामावर जीव असणारी बाई.

मंगळवार, १२ तारीख

आज बायकोला सांगितलं, "तू परत तुझ्या जागेवर बस."

"मग भिंतीकडे?"

"नवीन बसेल."

"ती पोटुशी आहे. तुम्हाला दिसलं नसेल."

खरंच दिसलं नव्हतं. अशा दिवसांत त्या वासाने मळमळतं, हे मलाही कळतं. म्हणालो, "मग जावांपैकी एक."

"एकीला तान्हं आहे. दुसरी तिचं करते."

"मग आक्का."

"आक्काचं वय बघा जरा."

"म्हणजे सगळ्या सुटल्या. तूच तेवढी राहिलीस!"

"मला तुम्ही आहात ना," ती म्हणाली आणि दिवा घालवायला उठली.

यात माझा काय संबंध, ते मला कळलं नाही.

पण तिला खोकला येतो, डोकं धरतं. म्हणून आज धीर करून मालकांकडे गेलो. म्हटलं, त्या टोकाला हवा खेचणारा पंखा बसवू, नाहीतर खिडकी तरी उघडू. मालकांनी मला बसायला सांगितलं. बसायला सांगितलं की मला भीती वाटते.

"मुकादम, खिडकी का बंद केली माहीत आहे ना? रस्त्याची धूळ ओल्या सोल्युशनवर बसायची. तळ सुटायचे. पूर्ण माल परत आला होता. तो माल परत येणं मला अजून स्वप्नात दिसतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुमच्या मनात जे आहे ना, ते काढून टाका. माझी आई याच आजाराने गेली. तिने आयुष्यात कारखान्याचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हणून तर या परिषदेला मदत केली मी."

त्यांचे डोळे भरले होते. माणूस खोटं बोलत नव्हता. उठून आलो.

गुरुवार, १४ तारीख

सकाळी प्रार्थनेला बसलो, पण मन लागेना. लहानपणी गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की दुःख आलं तर देवाची इच्छा म्हणून स्वीकारावं. आजवर तसंच करत आलो. बापाच्या वेळी केलं, धाकट्या भावाच्या वेळी केलं. आज डोळे मिटले की भिंतच दिसत होती. मग मनात आलं, आजार देवाने दिला असेल, पण विटा त्याने लावल्या नाहीत.

हा विचार मनात येताच मी घाबरलो. देवाशी वाद घालायचं माझं काय वय आहे? क्षमा मागितली. पण विचार मागे घेतला नाही. तसाच ठेवून कामावर गेलो.

शनिवार, १६ तारीख, संध्याकाळ

सगळं लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

सभागृह गच्च भरलं होतं. मालक पहिल्या रांगेत, त्यांना फुलं मिळाली. आमच्या बायकांना तिसरी रांग राखून ठेवली होती. फोटो नीट यावा म्हणून. मी रांगेच्या कडेला, भिंतीला टेकून उभा राहिलो. मालकांनी येताना पुन्हा बजावलं होतं, त्यामुळे माझं सगळं लक्ष बायकांच्या तोंडांकडे.

आधी मोठ्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर बोलले. वजन आटोक्यात ठेवा, व्यायाम करा, लेकरांना अंगावर पाजा, गाठ लागली तर लपवू नका. चांगलं बोलले. थोरली जाऊ कुजबुजली, "व्यायाम कमी पडतो म्हणे आपल्याला."

धाकटी म्हणाली, "मला नाही पडत. घरी तू आहेस."

आक्का तर मोठ्यानेच म्हणाली, "दिवसभर हात चालतोय. आता काय उड्या मारू?" मी खाकरलो. तिने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

मग एक लहानखुऱ्या बाई उठल्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा. हवेतलं, पाण्यातलं, कारखान्यांतलं काय काय अंगात जातं याचा त्या अभ्यास करतात. त्या डॉक्टरांसारख्या मोठ्याने बोलत नव्हत्या. कशाबद्दल नक्की माहीत आहे, कशाबद्दल नुसता संशय आहे आणि कशाबद्दल काहीच माहीत नाही, हे वेगवेगळं करून सांगत होत्या. कारखान्यातल्या काही द्रावणांवर संशय आहे, पण पक्का पुरावा अजून नाही, म्हणाल्या. मालकांनी मान डोलावली. ते मला मागून दिसलं.

तेवढ्यात आमच्या रांगेत गडबड सुरू झाली. बायका नेहमीच्या ओळीने बसल्या होत्या, आणि मामीची, जुळ्यांच्या आईची अशा मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या सोडल्या होत्या. ठरवून नाही. त्यांना दुसरं बसताच येत नाही. लोक मागे उभे होते, म्हणून बिल्ला लावलेली एक मुलगी आली.

"काकू, जरा आत सरका ना."

"सरकून कुठं जाऊ?" आक्का म्हणाली. "माझी जागा ही."

"मग या दोन खुर्च्या?"

"त्यांच्या मालकिणी घरी आहेत."

"येणार आहेत का त्या?"

"बऱ्या झाल्या की येतील."

मुलगी गोंधळली. मी बायकोला हाताने खूण केली, सरक म्हणून. ती अगदी टोकाला, दोन रिकाम्या खुर्च्यांच्या पलीकडे एकटी बसली होती. तिने सरळ माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

स्टेजवरून चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "तिथं काय झालं? कोणासाठी ठेवल्यात त्या खुर्च्या?"

सगळं सभागृह वळलं. मालकही वळले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. मी पुढे झालो. माफी मागायची आणि बायकांना सरकवायचं, एवढंच ठरवलं होतं. कोणीतरी हातात माईक दिला.

"माफ करा, बाईसाहेब," मी म्हणालो. "या आमच्या बुटांच्या कारखान्यातल्या बायका. कामाला बसतात तशाच बसल्यात. सवय आहे त्यांना."

लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "मग रिकाम्या जागा कोणाच्या?"

त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. मला विचारलं की मी सांगतो. "ही जुळ्यांच्या आईची. तिला..." आणि शब्द अडला. माईकमधून माझा श्वास ऐकू येत होता. पाचशे माणसं ऐकत होती. शेवटी म्हणालो, "तिला स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालंय."

"आणि ती शेजारची?"

"मामीची. तिलाही स्तनाचा कर्करोग."

दुसऱ्यांदा म्हणायला सोपं गेलं.

"त्या टोकाच्या बाई? त्या बऱ्या आहेत ना?"

"ती माझी बायको," मी म्हणालो. कोणीतरी पुन्हा हसलं. "पण ती जागा तिची नाही. तिथे एक गाणारी बाई बसायची. ती..."

मी तिथेच थांबलो, कारण तोवर मी त्या ओळीकडे बघत होतो. कारखान्यात ती ओळ मी रोज बघतो, पण तिथे मध्ये पेट्या असतात. इथे पेट्या नव्हत्या. दाराकडच्या चौघी ठणठणीत, मग दोन रिकाम्या खुर्च्या, आणि मग त्या गेलेल्या बाईच्या जागेवर माझी बायको, हात मांडीवर ठेवून बसलेली. उजेड चांगला आहे म्हणाली होती.

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "त्या टोकाला काय असतं?"

"सोल्युशनचा डबा. आणि भिंत."

"खिडकी?"

"होती. विटा लावल्यात."

मालक उभे राहिले. आईचं सांगितलं, धुळीचं सांगितलं. आवाज कापत होता. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या आईचं मला वाईट वाटतं. आणि खरं सांगते, एका टेबलावरच्या तिघींवरून मी काही ठरवू शकत नाही. योगायोगही असेल. कारखान्यामुळेच झालं असं आज म्हणाले तर ते खोटं होईल. पण हवा मोजता येते. आणि कोंडलेल्या खोलीत हवा खेळवायला पुराव्याची वाट बघायची गरज नाही."

मोठे डॉक्टर घड्याळ दाखवत होते. चहाची वेळ झाली होती. आणि तेव्हा टोकाकडून माझ्या बायकोचा आवाज आला, माईकशिवाय, सभागृहभर ऐकू जाईल असा.

"मोजायला कधी येता?"

बाई म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी परवानगी दिली तर सोमवारी."

सगळे मालकांकडे बघायला लागले. मालक म्हणाले, "बघू."

चहाला आक्काने तीन कप घेतले आणि मला एक दिला. म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला बोलता येतं की!"

रविवार, १७ तारीख

सकाळी बायकोला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"तिथून उठवलं असतं तुला."

"आणि दुसरी कोणीतरी बसवली असती."

मी एकेक चिमटा तिच्या हातात देत राहिलो.

मंगळवार, १९ तारीख

मालकांनी पुन्हा बसायला सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं होतं.

"मोजणी आत्ता नको. हंगामाचा माल गेला की बघू," ते म्हणाले. "आणि तुमची काळजी मला कळत नाही असं नाही. उद्यापासून तुमच्या मिसेसना पॅकिंगला घ्या. वरच्या मजल्यावर. मोकळी हवा, बसून काम. फक्त ते परिषदेचं इथं परत काढू नका. बायकांनाही समजवा. तुमचं ऐकतात त्या."

माझं कोण ऐकतं ते मला माहीत आहे. पण खरं लिहितो, मला आनंद झाला. जिना उतरताना पाय हलके झाले होते. देवानेच वाट काढली असं वाटलं.

घरी सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि भिंतीकडे?"

"ते मालक बघतील."

"मालक विटा बघतात. माणूस तुम्ही बसवता."

"अगं, मी सगळ्यांना नाही वाचवू शकत! तुला तरी..."

"मग पॅकिंगला तुम्हीच जा," ती म्हणाली. "बसून काम आहे, मोकळी हवा आहे. गुडघेही दुखतात तुमचे."

लेक हसली. मला हसू आलं नाही. मी स्वार्थी आहे का? बायको जगावी असं वाटणं हा स्वार्थ असेल तर देवाने तो कशाला दिला? तासभर देवापुढे बसलो. तो काही बोलला नाही. पण पॅकिंगला जा असंही म्हणाला नाही.

शुक्रवार, २२ तारीख

परिषदेतल्या तपासणीचे निकाल आले. सगळ्यांचं ठीक आहे, देवाची कृपा. फक्त माझ्या बायकोचा फोटो नीट आला नाही, अंधुक आलाय, म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात पुन्हा बोलावलंय. येत्या मंगळवारी. मोफत म्हटलं की मशीनही तसलंच वापरतात.

ती म्हणाली, "मंगळवारी माझ्यासोबत याल का?"

"फोटो काढायला मी कशाला?" मी म्हणालो. पण तिने पुन्हा विचारलं, आणि ती कधी पुन्हा विचारत नाही. म्हणून येतो म्हणालो.

संध्याकाळी ती आक्काकडे गेली. दोघी जावा, नवीन, सगळ्या तिथे होत्या म्हणे. परत आली तेव्हा डोळे सुजल्यासारखे होते, पण चेहरा भांडायला निघाल्यासारखा. काय ठरलं विचारलं तर म्हणाली, "सोमवारी लवकर या कामाला."

मी रोजच लवकर जातो. किल्ली माझ्याकडे असते.

सोमवार, २५ तारीख

आज लवकर पोचलो, तरी बायका माझ्या आधी अंगणात. कुलूप काढलं, दार उघडलं, पण एकीही आत जाईना. ओळीने उभ्या होत्या. तीच ओळ.

"आक्का, काय झालं?"

"काही नाही. टेबल बाहेर काढायचंय," आक्का म्हणाली. "धरता, का बघत उभे राहता?"

"बाहेर?"

"हवा मोजायला मालकांची परवानगी लागते. हवेत बसायला कशाला लागेल?"

मी मुकादम आहे. असल्या वेळी मुकादमाने काय म्हणायचं ते मला पाठ आहे. पण तोंडातून निघालं भलतंच. मी म्हणालो, "असं नाही निघणार ते. दारात अडकेल. पाय सोडवावे लागतील."

बोललो आणि माझं मलाच कळलं की नाही म्हणायचं राहून गेलं.

पाना आणला. आधी पेट्या हलवल्या. मग टेबलाखाली आडवा झालो आणि नटबोल्ट सोडवले. त्या टोकाला जमिनीलगत वास इतका दाट होता की डोळ्यांतून पाणी आलं. वीस वर्षं मी त्या खोलीत उभा राहून काम बघतोय. तिथे आडवा कधी झालो नव्हतो. सगळ्यांनी मिळून टेबल उचललं. नवीनला आक्काने हात लावू दिला नाही. माझ्या बायकोने एकाच हाताने धरलं होतं.

"डावाही लाव की," मी म्हणालो.

"तो दुखतोय जरा. तुम्ही लावा तुमचे दोन."

अंगणात टेबल उभं राहिलं. मग डबा, वाट्या, ब्रश, स्टुलं. डबा बायकोने पार दूर, फाटकाकडे ठेवायला लावला आणि झाकण घालायला लावलं. वाट्या जिने तिने उठून भरायच्या असं ठरलं. म्हणजे त्या कामाला आता कोणा एकीची जागाच राहिली नाही. काम सुरू झालं. सोल्युशनचा वास यायचा आणि वाऱ्याने निघून जायचा. धाकटी जाऊ म्हणाली, "अगं, तुझ्या नाकावर तीळ आहे!" थोरली म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून आहे. आज दिसला तुला." दोघी त्यावरून भांडायला लागल्या आणि मला एकदम बरं वाटलं.

मालक आले. गाडीतून उतरले आणि तसेच उभे राहिले.

"मुकादम, हे काय?"

"काम चालू आहे," मी म्हणालो.

"धूळ बसेल सगळ्यावर. माल परत येईल!"

"पंख्यासमोर झाकून वाळवू. बसलीच तर पुसून पुन्हा लावू."

"आणि पाऊस आला तर?"

आक्का ब्रश न थांबवता म्हणाली, "बघू."

एक जाऊ खुदकन हसली. मालकांचा चेहरा लाल झाला. पण ओरडले नाहीत. माझ्या जवळ आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "सगळं आत घ्यायला सांगा. अजून वेळ गेलेली नाही. तुम्हाला मी वडिलांच्या वेळेपासून ओळखतो. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

लेकीचं शिक्षण डोळ्यांपुढे आलं. उद्या दवाखान्यात जायला सुट्टी मागायची होती, तीही आठवली. देवाचं नाव घेतलं. शब्दांत मी कधीच चांगला नव्हतो.

म्हणून मी स्टूल ओढलं आणि बायकोच्या शेजारी, मामीच्या जागेवर बसलो. ब्रश घेतला. इतकी वर्षं दुसऱ्यांचं काम तपासलं, पण माझा पहिला तळ इतका वाईट झाला की बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"कडेला कमी, मध्ये जास्त," ती म्हणाली. "बघा असं."

मालक वर केबिनमध्ये गेले. खिडकीत त्यांची सावली दिसत होती, कानाला फोन. कोणाशी बोलत होते, माहीत नाही. चष्मेवाल्या बाईंशी असेल किंवा नव्या मुकादमाशी. मी वर बघणं सोडून दिलं. मला कडेला नीट लावायला शिकायचं होतं.

दुपारी फाटकाशी पोस्टमन थांबला. सायकलवरून पाय टेकवून बघत राहिला.

"काय हो, आज बाहेर?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधी बायको म्हणाली, "आजपासून."